त्यात काहीच नाही

"मॅडम, कंट्रोलमध्ये तर काहीच नाहीये ना? मग त्याला सहा वेल्स कशाला? तीन पुरेत की."

साडेसहा वाजून गेले होते. हूडचा पंखा एकसुरात घुमत होता, स्पिरिटचा वास हातमोज्यांच्या आतसुद्धा शिरला होता आणि शेवटच्या वर्षाची ती मुलगी ९६ वेल्सच्या, म्हणजे ९६ छोट्या खळग्यांच्या, प्लेटवर वाकून एकेका वेलमध्ये पेशी सोडत होती. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, औषध न घातलेल्या वेल्स. तिची अडचण खरी होती. प्लेटच्या कडेच्या ३६ वेल्समधलं पाणी इन्क्युबेटरच्या उबेत उडून जातं, तिथली रीडिंग्ज भरवशाची नसतात, म्हणून त्यांत नुसतं पाणी भरून ठेवायचं. उरतात ६०. त्यातही तिला आणखी एक डोस बसवायचा होता आणि जागा कुठूनतरी काढणं भाग होतं. जिथे काहीच नाही तिथूनच ती काढणार, दुसरीकडून कशाला काढेल? मी माझ्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "प्रोटोकॉलमध्ये सहा लिहिल्यात ना? मग सहाच." ती "हो मॅडम" म्हणाली. त्या "हो मॅडम"मध्ये दार लागल्याचा आवाज होता. शिकवणाऱ्या माणसाला तो आवाज ओळखू येतो, फक्त बहुतेक वेळा उशिरा.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य परत आलं. माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण ते उत्तरच नव्हतं. आणि तिचा प्रश्न आळशी मुलीचा नव्हता. खरं तर त्या दिवशी प्रयोगशाळेत विचारला गेलेला तो एकमेव प्रश्न होता. बाकी सगळ्या चौकश्या होत्या. टिप्स कुठे आहेत, ट्रिप्सिन वितळलं का, इन्क्युबेटर कोणी उघडा ठेवला. मग मी तिच्यावर एवढी का खेकसले? त्याचं कारण मला माहीत होतं. पण त्याकडे यायला मला थोडा वेळ लागेल.

आधी त्या "काहीच नाही"मध्ये काय काय होतं ते तर बघू. त्या वेल्समध्ये मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, होतं: साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं आणि फिनॉल रेड, ज्याच्यामुळे ते सगळं लालसर गुलाबी दिसतं आणि पेशी फार माजल्या, आम्ल साचलं, की पिवळं पडतं. त्यात १० टक्के सीरम होतं, म्हणजे न जन्मलेल्या वासराच्या रक्तातला निवळ भाग. बाटलीवर तीन कोरडी अक्षरं असतात, एफबीएस, आणि आपण ती इतक्या सवयीने उच्चारतो की त्यातलं वासरू कधीच पुसलं गेलेलं असतं. आणि पेशी हीला होत्या. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली. तिच्या पेशी मात्र साधारण दिवसाला एकदा दुप्पट होत आजवर वाढताहेत, आमच्या इन्क्युबेटरच्या दुसऱ्या फळीवरही. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, यांच्यात बहुधा ७६ ते ८०. त्यांना माणूस म्हणायचं का, हा प्रश्न मुलांना पहिल्या महिन्यात पडतो आणि दुसऱ्या महिन्यात पडायचा थांबतो. मलाही थांबला होता.

हे सगळं "काहीच नाही" या सदरात.

आणि एवढ्यावरही ते संपत नाही. प्रत्येक कंट्रोल वेलमध्ये थोडं डीएमएसओ होतं. डायमिथाइल सल्फॉक्साइड. आमच्याकडची निम्मी औषधं पाण्यात विरघळतच नाहीत, ती आधी यात विरघळवायची आणि मग मीडियममध्ये सोडायची. तुपकट, रंगहीन, दिसायला अगदी निरुपद्रवी द्रव. १८.५ अंशांना गोठतो, त्यामुळे गारठ्याच्या सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही आणि नवीन मुलं घाबरून विचारायला येतात, खराब झालं का? हातावर सांडलं तर कातडीतून आत शिरतं आणि थोड्या वेळाने जिभेवर लसणासारखी चव येते. मी एकदा घेतलीय ती चव, ठरवून नव्हे. हाताला लागलेली गोष्ट तोंडात कळावी यात एक अंगावर काटा आणणारं काहीतरी आहे. शरीरातल्या आपण मानलेल्या भिंती तिला लागूच नव्हत्या. पेशी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना वर्षानुवर्षं झोपवून ठेवायच्या तर हेच १० टक्के घालायचं, म्हणजे आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फाडत नाहीत. पण पेशी जाग्या केल्यावर तेच लगेच काढून टाकायचं, नाहीतर उबेत ते त्यांना मारतं. झोपेत राखण करणारा पहारेकरी दिवसाढवळ्या उलटतो. १९७१ साली शार्लट फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदराच्या रक्तकर्काच्या पेशींना डीएमएसओत वाढवलं तर त्या चक्क हिमोग्लोबिन बनवायला लागतात, तांबड्या पेशी होण्याची विसरलेली वाट पुन्हा धरतात. ज्या द्रावाला आपण "फक्त विरघळवायला" म्हणतो, तो पेशीचं नशीब बदलू शकतो.

मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे: अनुपान. औषध ज्याच्यासोबत घ्यायचं ते. इंग्रजीतून शिकलेले आम्ही त्याला व्हेइकल म्हणतो, म्हणजे गाडी. माल पोचवायचा आणि रिकामी परत यायचं. अनुपान म्हणताना मात्र जुन्या वैद्यांच्या मनात ते औषधाच्या कामात सामील असायचं, एकच औषध अनुपान बदललं की वेगळं वागतं असं ते मानत. त्यांचं किती खरं किती खोटं यात मला शिरायचं नाही. पण शब्दापुरतं बोलायचं तर त्यांचा शब्द आमच्या शब्दापेक्षा सावध आहे.

मला पहिल्यांदा या "नुसत्या पाण्या"ने चपराक दिली ती शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये. काचेच्या नळकांड्यात ३७ अंशांचं टायरोड द्रावण (ऊती जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी), त्यात दोऱ्याने टांगलेला आतड्याचा बोटभर तुकडा, खालून बुडबुडे, आणि वरच्या दोऱ्याला जोडलेली लेखणी काजळी धरलेल्या कागदाच्या ड्रमवर रेघ ओढत असायची. त्या काजळीला हात लागला की दिवसभर बोटं काळी. अॅसिटिलकोलीनचा थेंब टाकायचा, तुकडा आवळायचा, लेखणी चढायची. धुवायचं, रेघ पुन्हा तळाशी. आम्ही थेंब टाकायला उतावीळ. प्रॅक्टिकल घेणाऱ्या बाई मात्र म्हणाल्या, "आधी नुसतं धुऊन बघा." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. धुतलं, आणि लेखणी टुणकन उडाली. आमचं धुण्याचं द्रावण गारच राहिलं होतं, ते गरम करायला कोणी ठेवलंच नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या टेबलाकडे गेल्या. औषधाशिवायची ती चढलेली रेघ माझ्या जर्नलमध्ये शेलॅक लावून कायमची वाळली.

सिडनी रिंगर हे नाव तोवर माझ्यासाठी बाटलीवरचं लेबल होतं. सलाईनची बाटली कोणी पाहिली नाही? त्यातली एक रिंगर लॅक्टेट. या माणसाची गोष्ट मला पुढे कळली आणि तेव्हापासून तो माझा आवडता शास्त्रज्ञ आहे, शोधासाठी जितका त्याहून जास्त एका कबुलीसाठी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधला हा डॉक्टर रुग्ण तपासण्याच्या आधी आणि नंतरच्या वेळात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करायचा. १८८२ साली त्याने लिहिलं की साध्या मिठाच्या पाण्यात सुटं काढलेलं हृदय बराच वेळ छान चालतं. पुढे लक्षात आलं की ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतंच, नळाचं होतं. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने ते वाफवून गाळत बसण्याचा कंटाळा केला, अशी दंतकथा आहे. शुद्ध पाण्याने करून पाहिलं तर हृदय मंद होत थांबायचं. म्हणजे नळाच्या पाण्यात काहीतरी होतं. ते होतं कॅल्शियम. १८८३ सालच्या निबंधात त्याने पहिल्या वाक्यांतच सांगून टाकलं की माझं आधीचं द्रावण नळाच्या पाण्याचं होतं, आणि पाणी पुरवणाऱ्या कंपनीचं नावसुद्धा दिलं. मला ती कंपनीच्या नावाची जागा फार आवडते. चूक सांगतानाही इतकं काटेकोर.

आज आपल्याला ठाऊक आहे की पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं, आणि दर ठोक्याला त्यातलं थोडं आत शिरतं तेव्हाच स्नायू आवळतो. हृदय आकुंचन पावायला दाराबाहेर उभ्या असलेल्या कोणाची तरी वाट बघत असतं. रिंगरला हे दार माहीत नव्हतं. त्याला फक्त आपलं "नुसतं पाणी" नुसतं नव्हतं एवढं कळलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

आता माझ्याकडे येते.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मला एक संयुग मिळालं होतं, कर्कपेशींवर त्याचा परिणाम बघायचा. स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, डीएमएसओमध्ये १० मिलिमोलर. पाच डोस, सगळ्यात वरचा २०० मायक्रोमोलर. ४८ तास वाट बघायची, मग एमटीटी नावाचा पिवळा रंग घालायचा, जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, ते जांभळे स्फटिक विरघळवायचे (कशात? डीएमएसओमध्येच), आणि यंत्रात ५७० नॅनोमीटरला वाचायचं. जांभळं गडद तर पेशी जोमात, फिकट तर आजारी किंवा मेलेल्या. त्या प्लेटकडे मी दिव्यासमोर धरून किती वेळ बघत बसले होते. डावीकडून उजवीकडे रंग कसा पायरी-पायरीने उतरत गेलेला, जणू कोणी शाई पाण्याने हलकी करत नेलीय. आलेख काढला. पुस्तकातल्यासारखा, लॉग मोजमापावर घसरगुंडीसारखा उतरणारा. वरच्या डोसला निम्म्याहून कमी पेशी. तीनदा केला, तिन्हीदा तसाच. त्या आठवड्यात मी जमिनीवरून चालत नव्हते.

सरांनी आलेख पाहिला. छान आहे म्हणाले. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कंट्रोलमध्ये काय घातलंस?"

"काहीच नाही, सर. नुसतं मीडियम."

"आणि २०० ला डीएमएसओ किती झालं?"

भागाकार दुसरीतल्या मुलाला येईल असा होता. १० मिलिमोलरच्या, म्हणजे १०,००० मायक्रोमोलरच्या, स्टॉकमधून २०० मायक्रोमोलर म्हणजे पन्नासात एक. २ टक्के. १०० ला १ टक्का, ५० ला अर्धा. डोस जसजसा चढत होता तसतसं डीएमएसओही चढत होतं, पायरीला पायरी. आणि कंट्रोलला शून्य. सर आणखी काही बोलले नाहीत, ते आलेख परत देऊन हात धुवायला गेले. मी पुन्हा प्लेट लावली: या वेळी प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखंच, शिवाय नुसत्या डीएमएसओची एक वेगळी ओळ, पाच पायऱ्यांची. तिसऱ्या दिवशी संयुगाची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच छटेची जांभळी. आणि खालची, नुसत्या डीएमएसओची ओळ? माझा तोच देखणा उतार. तोच आकार, तेच टोक. मी तीन महिने एका अनुपानाचं औषधशास्त्र केलं होतं.

ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते. हसवून सांगते. ती हसतात, मीही हसते, सरांचा चष्मा कपाळावर सरकवण्याचा अभिनयही करते. एक तपशील मात्र कधीच सांगितला नाही. सरांना दाखवण्याआधीच्या त्या तीन वेळांपैकी दुसऱ्या वेळेची प्लेट लावतानाच माझ्या मनात आलं होतं. स्टॉकची नळी हातात धरलेली, वरच्या डोससाठी पिपेट फिरवून आकडा मोठा करताना एक क्षण वाटलं होतं, अरे, यात डीएमएसओ फारच जातंय की. आणि मग दुसरा विचार आला: पहिल्या वेळी किती सुरेख आलंय. मी आकडा तसाच ठेवला. विसरले असं नाही. विचार आला आणि मी त्याला बसायला जागा दिली नाही. सरांनी विचारलं नसतं तर तो आलेख प्रबंधात गेला असता, आणि मला शंभरातले नव्वद मिळाले असते, आणि मी आयुष्यभर स्वतःला सांगितलं असतं की माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यामुळे कोणी "कंट्रोलमध्ये काहीच नाही" म्हणालं की माझा आवाज चढतो. ती मुलगी निरागसपणे म्हणाली. मी तशी नव्हते.

माझ्या चुकीत कोणी मेलं नाही, मेल्या त्या पेशी. पण अनुपानाने माणसंही मारली आहेत. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवलाचं औषध पातळ स्वरूपात द्यायची टूम निघाली. ते कशात विरघळत नव्हतं, शेवटी डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळलं. गोडसर, दिसायला छान. चव तपासली, वास तपासला, रंग तपासला. द्रावक माणसाला काय करतो ते तपासलं नाही, आणि तशी सक्ती करणारा कायदाही नव्हता. मूत्रपिंडं बंद पडून शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. औषध परत गोळा करायला सरकारला जो आधार मिळाला तोही भलताच: बाटलीवर "एलिक्झिर" लिहिलं होतं आणि एलिक्झिर म्हणायला त्यात अल्कोहोल असावं लागतं, ते नव्हतं! पुढच्याच वर्षी, १९३८ साली, विकण्याआधी सुरक्षितता दाखवण्याची सक्ती करणारा कायदा आला. औषधशास्त्राच्या तासाला हा प्रसंग कायद्याच्या प्रकरणात शिकवतात. मला विचाराल तर तो प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी शिकवायला हवा, पिपेट हातात देण्याआधी.

आणि कधी ते "काहीच नाही" बरंही करतं, त्याचं काय करायचं? १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. ज्यांना औषध म्हणून औषध नसलेलंच काही दिलं आणि तरी ज्यांचं दुखणं उतरलं, त्यांना नालोक्सोन दिल्यावर ते दुखणं पुन्हा वाढलं. नालोक्सोन अफूच्या जातीच्या औषधांचा रिसेप्टर अडवतं. म्हणजे रिकाम्या सुईने शरीराला आपली स्वतःची अफू काढायला लावली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते. इतका हवेतला वाटणारा दिलासा आणि त्याला अडवणारं एक ठरावीक रसायन. "मनाचे खेळ" म्हणून झटकून टाकायची सोयच राहिली नाही.

नसा रसायनातून निरोप पोचवतात हे दाखवणाऱ्या ऑटो लोवीचं स्वप्न तर आमच्यात सगळ्यांना पाठ असतं: रात्री सुचलं, चिठ्ठीवर लिहिलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री पुन्हा सुचलं तसा उठून थेट प्रयोगशाळेत. दोन बेडकांची हृदयं. एकाची व्हेगस नस चेतवायची, ते मंदावलं की त्याच्यातलं द्रावण उचलून दुसऱ्यात घालायचं, तर तेही मंदावतं. ते द्रावण कोणतं? रिंगरचं. १९२१ सालच्या त्या निबंधातली मला आवडणारी ओळ स्वप्नाची नाही, स्वप्न तर त्यात नाहीच. लोवीने नस न चेतवता गोळा केलेलं द्रावणही दुसऱ्या हृदयाला देऊन पाहिलं होतं. त्याने काही झालं नाही. ते "काही झालं नाही" नसतं तर स्वप्न स्वप्नच राहिलं असतं. पण त्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण काही न होण्याची गोष्ट सांगायची कशी?

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सगळं सांगायचं ठरवलं होतं. रिंगर, एलिक्झिर, माझा आलेख, आणि जमलं तर तो तपशीलसुद्धा. सकाळी ती आली तेव्हा इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपत आला होता, नंतर कोणाच्या तरी फ्लास्कमध्ये बुरशी निघाली, मग सगळं मीडियम तपासण्यात दुपार गेली. सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी ती रीडिंगचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभी. सहाच्या सहा वेल्स होत्या. शिवाय मी न सांगता तिने बिनडीएमएसओच्या चार वेगळ्या लावल्या होत्या, एक डोस कमी करून. जागा तिथून काढली होती.

"मॅडम, ह्या सहा आणि ह्या चार," तिने बोट ठेवलं, "दोन्हीत औषध नाहीये. पण ह्या सहांचे आकडे जरा खाली आहेत. डीएमएसओ तर फक्त ०.१ टक्का आहे. पिपेटिंग चुकलं असेल का माझं?"

आकड्यांत फरक होता. फार नव्हता, चुकीचाही असू शकला असता, खराही. मी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि माझी जुनी वही काढायला खालचा खण उघडला.